देवापाशी ठेवलेला कान

कोलकात्याजवळच्या आमच्या चुंचुड्याच्या गल्लीत हाबुल मिस्त्रीचं गॅरेज आणि माझं शिवणाचं दुकान समोरासमोर आहे. मधे आठ पावलांचा रस्ता. गेली बावीस वर्षं मी ब्लाउज शिवते आणि हाबुलदावर लक्ष ठेवते. खरं सांगायचं तर दुसरं काम मी जास्त मन लावून करते.

कागदोपत्री त्याचं नाव सुधन्य कर्मकार. ते नाव फक्त पोस्टमनला माहीत. वय बासष्ट, पोट पुढे, लुंगी त्या पोटाच्या भरवशावर. त्याची ख्याती एकाच गोष्टीची: दुसरे मिस्त्री गाडी उघडतात, हाबुलदा ऐकतो. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग गायकाचा सूर चुकल्यासारखं तोंड करून म्हणायचा, "तिसरा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तिसराच. जुन्या गाड्यांचे मालक त्यासाठी बंडेलहून, श्रीरामपूरहून येतात.

आता यातली गंमत सांगते. हाबुलदाला ऐकू येत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मशीनचा पट्टा फाडकन तुटला. मी किंचाळले, रस्त्यावर झोपलेलं कुत्रं उठून पळालं, आणि हाबुलदा माझ्याकडे पाठ करून शांतपणे विडी ओढत राहिला. मला संशय आला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पाठीमागून म्हटलं, "हाबुलदा, तुम्हाला लॉटरी लागली." ढिम्म हलला नाही! मग मी त्याच्या बायकोला, शेफाली बौदीला गाठलं.

"तुझ्या दादाला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनच ऐकू येत नाही गं," ती हसत म्हणाली. मी हसले नाही, तेव्हा तिचा चेहरा उतरला. "स्क्रूड्रायव्हर हाडाला लावला की अजून आत पोचतं म्हणतो. जवळून, मोठ्यानं बोललेलंही कळतं. बारीक काही नाही. रेबा, कुणाजवळ बोलू नकोस. कान गेला असं कळलं तर उद्या एक गाडी दारात येणार नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी दोन वर्षं तोंडाला शिवण घातली, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

यंदाच्या विश्वकर्मापूजेला ती मूठ उघडायची वेळ आली.

त्या दिवशी आमच्याकडे कुणी हत्याराला हात लावत नाही. पाने, हातोड्या, जॅक, सगळं धुऊन देवापुढे मांडायचं, शेंदूर लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते देवाचं. माझी कात्रीही त्यात असते. टोटोवाले, म्हणजे बॅटरीच्या रिक्षावाले, आपल्या गाड्यांना हार घालून आडवे होतात. घरात चूलसुद्धा पेटत नाही, आदल्या दिवशी रांधून पाण्यात ठेवलेला पांता भात आणि इलिश मासा थंडच खायचा. आभाळात पतंग आणि खाली निवांत माणसं. हाबुलदाचा तो लांब स्क्रूड्रायव्हर मूर्तीतल्या देवाच्या हत्तीच्या पायाशी, शेंदूर लावून, झेंडूखाली झोपला होता.

मूर्ती आणि भटजी आणायचं काम दरवर्षी लाहिडी मास्तरमोशायांच्या अँबॅसॅडरचं. गाडी अठ्ठेचाळीस वर्षांची, मास्तरमोशाय अठ्ठ्याहत्तरचे, विधुर, दोघांचाही रंग उडालेला पण रुबाब शाबूत. गाडीची पूजा व्हावी म्हणून त्यांनी बॉनेट उघडून ठेवलं होतं. भटजींची, म्हणजे आमच्या ठाकुरमोशायांची, त्या दिवसातली ती सहावी पूजा. हाबुलदा डोळे मिटून हात जोडून पुढे बसला होता आणि ठाकुरमोशाय मंत्र म्हणत गाडीवर गंगाजल शिंपडत होते. घाई इतकी की शेवटी शिंपडणं सोडून त्यांनी तांब्याच उपडा केला. भक्ती दांडगी, एवढंच मला तेव्हा वाटलं.

पूजा झाली. ठाकुरमोशाय मागच्या सीटवर चढून बसले. "चला, चला! ज्यूट मिलचा मुहूर्त अकराचा आहे. अजून सात घरं बाकी."

मास्तरमोशायांनी बॉनेट लावून किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला, घिर्र घिर्र घिर्र. गाडी काही उठली नाही. पुन्हा घिर्र घिर्र. ठाकुरमोशायांनी घड्याळ बघितलं, मग टोटोंकडे बघितलं. टोटोवाल्यांनी आभाळाकडे बघितलं.

"हाबुलदा!" बापन ओरडला. हा बापन नाक्यावरच्या नव्या गॅरेजात असतो, कॉम्प्युटर जोडून गाड्या तपासतो. पोरगा वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "आज पाने नाहीत म्हणून काय झालं? तुम्हाला पाने कशाला लागतात? तुम्ही तर ऐकता! ऐका की!"

हाबुलदा पुढे झाला. बॉनेट पुन्हा उघडलं. नाक खाली नेऊन वास घेतला. "पेट्रोल येतंय." दिव्याकडे बघितलं. "बॅटरी ठणठणीत." मग हात त्याच्या नकळत मागे गेला, जिथे रोज तो स्क्रूड्रायव्हर असतो. हात तसाच हवेत राहिला. त्यानं हत्तीच्या पायाकडे बघितलं आणि हात लुंगीला पुसला.

"जरा शांत व्हा रे!" ठाकुरमोशाय गाडीतून गरजले. "तो माईक बंद करा! त्याला ऐकू तर द्या!"

आणि हीच पंचाईत झाली. सकाळपासून भोंग्यावर गाणी चालली होती, तोवर कुणालाच काही ऐकू येत नव्हतं आणि हाबुलदा सगळ्यांच्या बरोबरीचा होता. आता गाणं थांबलं. ढाकवाल्यानं काड्या खाली ठेवल्या. पन्नास माणसं श्वास रोखून उभी राहिली. अशी शांतता मी आमच्या गल्लीत मयतीलासुद्धा पाहिलेली नाही. हाबुलदाच्या कपाळावर घाम आला. दारात उभ्या शेफाली बौदीनं पदराचं टोक दातात धरलं. मला वाटलं, पुढे होऊन भोवळ आल्याचं सोंग करावं, पण आपल्या वजनाला कोण सावरणार या विचारानं थांबले.

तेवढ्यात मास्तरमोशाय गाडीतून उतरले.

"बापन, फार हुशार आहेस ना? बस इथं. मी सांगेन तेव्हा किल्ली फिरव, आणि तोंड बंद ठेव."

बापन स्टिअरिंगमागे अडकला. मास्तरमोशाय हाबुलदाच्या उजव्या बाजूला जाऊन अगदी खेटून उभे राहिले. चाळीस वर्षं मागच्या बाकापर्यंत भूगोल पोचवलेला आवाज त्यांचा.

"फिरव!"

घिर्र घिर्र.

"अरे हाबुल, हे काय रे? तुझ्या लक्षात आलंच असेल, पण मला राहवत नाही. सेल्फ तर झकास फिरतोय, अडखळत नाही. पण त्याच्या खालून बारीक चट… चट… चट… येतंय बघ. पोरं टिकल्या फोडतात ना, तसं. असं." हाबुलदाचा पंजा मडगार्डवर होता. त्याच्या शेजारी त्यांनी बोटानं ताल धरला, चट, चट, चट. "डावीकडून, त्या काळ्या टोपणाकडून. मला मेल्याला काय कळतंय म्हणा!"

"मास्तरमोशाय, जरा गप्प बसाल का?" ठाकुरमोशाय वैतागले. "त्याला ऐकू द्या!"

हाबुलदाचा चेहरा मात्र पालटला. त्यानं डोळे मिटले, मान तिरकी केली, अगदी रोजच्यासारखी. मग गायकाचा सूर चुकल्याचं ते तोंड केलं आणि म्हणाला, "करंट गळतोय. डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी."

त्या काळ्या टोपणाला दोन स्प्रिंगच्या क्लिपा असतात. अंगठ्यानं दाबल्या की सुटतात, पाना लागत नाही. त्यानं टोपण उपडं केलं तर आतून गंगामाईचे चार थेंब त्याच्या तळव्यावर पडले. सगळी गल्ली वळून ठाकुरमोशायांकडे बघायला लागली. देवाची करणी आणि नारळात पाणी, इथं भटजीची करणी आणि इंजिनात पाणी.

"पवित्र जल आहे," ठाकुरमोशाय पुटपुटले. "अपाय कसा होईल?"

"गाडी पवित्र झाली, ठाकुरमोशाय," हाबुलदा म्हणाला. "म्हणून तर वैकुंठाला निघाली होती."

त्यानं गमछानं टोपण आतून पुसलं, तारांची टोकं पुसली. ओल जाईना. चूल बंद, शेक कुठून आणायचा? शेवटी आरतीचं धुनुची उचललं. त्यातला धूप जळून गेला होता, नुसते निखारे उरले होते. गाडीपासून चांगलं दूर जाऊन त्यानं ते टोपण निखाऱ्यांवर वीतभर उंच धरून फिरवलं, ओवाळल्यासारखं. क्लिपा खट्टकन बसल्या. बापननं किल्ली फिरवली आणि पहिल्याच फेरीला अँबॅसॅडर खोकून उठली.

ढाक वाजला. बापन उतरला आणि मुकाट्यानं हाबुलदाच्या पाया पडला. "तुमच्या कानाला तोड नाही," म्हणाला. शेफाली बौदी आत निघून गेली आणि आत जाऊन रडली, हे तिनं मला नंतर सांगितलं.

दुपारी सातही घरं उरकून मास्तरमोशाय परतले. मी त्यांना ताट वाढून दिलं आणि राहवेना म्हणून विचारलंच, "मास्तरमोशाय, आज तुम्ही मधेच एवढं का हो बोललात?"

त्यांनी इलिशचा काटा शांतपणे काढून ताटाच्या कडेला ठेवला. "रेबा, तीस वर्षं मी इथं गाडी आणतोय. पहिली अठ्ठावीस वर्षं मी काय करायचो?"

मला आठवलं. गॅरेजमधल्या बाकावर बसून पेपर वाचायचे. एक शब्द बोलायचे नाहीत.

मी त्यांना अजून भात वाढला. तोंडाला शिवण घालणारी मी एकटीच, असा माझा दोन वर्षांचा ताठा तिथंच उतरला.

मास्तरमोशाय गेल्यावर मी हाबुलदाचं ताट घेऊन रस्ता ओलांडला. तो देवापुढे बसून स्क्रूड्रायव्हरवरचं झेंडूचं फूल सरळ करत होता. मी समोर जाऊन बसले, त्याला माझं तोंड दिसेल अशी.

"मास्तरमोशायांचं आता वय झालं गं, रेबा," तो म्हणाला. "हल्ली किती बोलतात, बघितलंस? आधी कसे गप्प पेपर वाचायचे. आता खट झालं, चट झालं, सगळं सांगत बसतात. बायको गेली, घरात बोलायला कुणी नाही."

त्यानं भातात हात घातला.

"मी आपलं ऐकून घेतो. कुणीतरी ऐकायला पाहिजे ना त्यांचं."