पोराच्या वाटचे खडे

समुद्र बघून आले म्हटलं की आमच्या बेंबळी गावातल्या बायका विचारतात, "लई मोठा असतोय का वो?" मी म्हणते, व्हय बाई, लई मोठा. आणि पीठ मळायला घेते. पुढचं सांगायला लागले तर डोळ्यांना पदर लावावा लागतो आणि मला चारचौघींत रडायला आवडत नाही.

आमच्या ह्यांनी उभा जन्म काळी-पिवळी जीप चालवली. रोज बेंबळी ते धाराशिव, आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना फिरवायला न्यायचं. कुणाला नळदुर्गचा किल्ला, कुणाला माकणीचं धरण, कुणाला येरमाळ्याला येडाई देवीचं दर्शन. मी शाळेत मास्तरीण. "तू फळ्यावर नकाशे काढ, म्या जाऊन येतो," असं चिडवायचे मला. त्याच माणसाला विसरायचा आजार झाला. आधी रस्ते गेले, मग नात्यातली माणसं.

आमचा एकुलता एक पोरगा फ्रान्सला असतो. नीस नावाचं समुद्राकाठचं गाव, तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाक करतो. एके दिवशी फोनवर हमसून रडला. "आई, अण्णा मला ओळखतायत तोवर त्यांना घेऊन ये. त्यांनी सगळ्यांना फिरवलं, मला एकदा त्यांना फिरवू दे." मी खेकसले, एवढ्या लांब कसं आणायचं रे बाबा ह्यांना? पण त्याचं रडणं कानातनं जाईना. निघालो.

विमानतळावर पोरानं मिठी मारली. हे अंग चोरून मागं झाले, हात जोडले. "राम राम साहेब. गाडी कुठं लावलीया?"

"अहो, आपला पोरगा हाय हा!" मी ओरडलेच.

"काही तरीच. आपला परदेशात हाय की."

पोराचा चेहरा खर्रकन उतरला. तरी मलाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आई, नको चिडू. फिरू लागले की येईल ध्यानात."

मग रोज गाडी काढायचा. डोंगराच्या टोकाला चिकटलेलं एक दगडी गाव दाखवलं, खाली निळंशार पाणी. तिथं म्हणाला, "अण्णा, नळदुर्गला पाणी महाल बघायला आपण गेलो होतो. मला खांद्यावर घेतलं होतं तुम्ही. आठवतंय?"

"व्हय तर. लई प्याशिंजर नेलेत तिकडं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बोटीनं एका बेटावर गेलो. पाइनच्या झाडांखाली मी दशम्या आणि शेंगाचटणी सोडली. ह्यांनी माझा हात धरला. "आधी डायवरला वाढ." हा त्यांचा जुना नेम. ज्याच्या हातात आपला जीव, तो उपाशी नको. स्वतःच्या हातानं दशमीवर चटणी घालून त्यांनी ती पोराच्या पुढं धरली. तो खाली मान घालून खाऊ लागला आणि त्याच्या डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं.

"तिखट लागली का साहेब?" ह्यांनी विचारलं आणि पाण्याची बाटली दिली. मला त्या वेळी असा राग आला देवाचा, काय सांगू! एवढं सगळं ध्यानात ठेवलंस, मग पोरगा तेवढा कसा रे पुसलास?

शेवटच्या दिवशी कुठं लांब गेलो नाही. नीसच्या किनाऱ्यावरच उतरलो. तिथं वाळू नाही, नुसते गुळगुळीत खडे. राखी आणि पांढरे. माणसं उन्हात पडलेली. हे एकदम थांबले. चपला काढल्या, वाकले आणि पांढरे खडे वेचायला लागले. माझा पदर ओढून त्यात टाकायला लागले.

मला कळलं. चैत्रात येडाईच्या यात्रेला येरमाळ्याच्या रानात असंच करतात. चुनखडीचे पांढरे खडे वेचायचे, माणशी पाच तरी, आणि एका जागी ढीग घालायचा. घरातलं कुणी आलं नसेल तर त्याच्या वाटचे आपण वेचायचे. ह्यांना वाटलं, यात्रेला आलोय.

तेवढ्यात किनाऱ्यावरचा राखणदार हात हलवत आला. इथले खडे उचलून न्यायचे नाहीत, तसा तिथं कायदाच आहे. हे घाबरले, माझ्या पदराला घट्ट धरून म्हणाले, "देवीचं हाय हो, घरी न्हाय नेत!" पोरानं त्या माणसाला त्यांच्या भाषेत काहीतरी समजावलं. तो मान हलवून गेला.

"इथंच ढीग घालू, अण्णा," पोरगा म्हणाला आणि गुडघ्यावर बसला.

हे एकेक खडा ठेवू लागले. "हे माझे. हे मंडळींचे." मग थांबले, पाच चांगले गोरेपान निवडले. "हे आमच्या पोराच्या वाटचे. त्याला येता आलं न्हाय."

पोरगा समोर बसला होता, हातभर अंतरावर. ह्यांनी ढिगाला हात जोडले, तसे त्यानंही जोडले.

परत निघताना विमानतळावर ह्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "साहेब, लई झकास फिरवलं तुम्ही. म्या बी ह्याच धंद्यातला, मला कळतंय. एक काम करा. आमचं पोरगं हिकडंच कुठं तरी असतंय. गाठ पडली तर सांगा, म्हणावं, तुझ्या वाटचे खडे बापानं टाकलेत, काळजी करू नको." आणि त्याचं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, एक अक्षर चुकलं नाही.

"सांगतो," पोरगा कसाबसा म्हणाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

"अहो साहेब," हे गडबडून मागं सरले, "पाया कशाला पडताय?"