आई कुठे गेली, यावरचा वाद

आई गेली तेव्हा दादाला येशूच्या प्रार्थनेला जायला लागून दोनेक वर्षं झाली होती. वर्ध्याजवळ नालवाडीत विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करण्याच्या दुकानात तो कामाला होता. तिथल्या एका सोबत्यानं त्याला रविवारी एका हॉलमध्ये नेलं आणि तो त्यांचाच झाला. त्याआधी तो प्यायचा, त्याला झोप यायची नाही, घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. ते सगळं थांबलं. समुद्रपूरला आमचं भांड्यांचं दुकान. गावात कुजबुज सुरू झाली, काका येऊन बाबांना बोलून गेले. आईचं मात्र म्हणणं एकच, "देव कोणताबी असो, पोरगं जेवते अन् झोपते."

तिची मूत्रपिंडं निकामी झाली आणि दिवाळीच्या आधी ती गेली.

दशक्रियेला दादा नदीवर आला, पण लांब बाभळीखाली उभा राहिला. पिंड ठेवले. कावळे झाडावर होते, खाली येईनात. बाबांनी मला चांगल्या घरी देण्याचं वचन दिलं, घर सांभाळतो म्हणाले. कावळा हलला नाही. मग सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. काका ओरडले, "तिचा जीव तुह्यात अटकला हाय. म्हण, आपल्या धर्मात वापस येतो म्हण!"

दादा रडत होता. "काका, मी खोटं कसं बोलू? तेही मायपाशी?"

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. काका परत दादाशी बोलले नाहीत. बाबा रागावले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण गोंधळ होता, तो मला अजून दिसतो.

तेरवी झाल्यावर बाबांनी दादाला विचारलं, "तुह्या पुस्तकात काय हाय? कुठं गेली असन ते?"

दादा म्हणाला, "मले नाई सांगता येत, बाबा."

"मग पुस्तक आणून देजो मले."

त्यानं मराठी बायबल आणून दिलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाबा गल्ल्यावर चष्मा लावून ते वाचत बसत. मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होते. घरी आले की चहा द्यायला दुकानात जायचे, तर बाबा परातींच्या चळतीआड मान घालून बसलेले. रविवारी दादा प्रार्थना आटोपून एसटीनं येई आणि ओट्यावर दोघांचा वाद सुरू होई.

सुरुवातीला वाद सोपे होते. येशूला पकडून देणारा शिष्य कसा मेला? एका जागी त्यानं फास घेतला म्हणतात, दुसऱ्या जागी तो पालथा पडला अन् पोट फुटलं. दादाकडे उत्तर तयार होतं, "फास घेतला अन् दोर तुटला असन."

"दोर तुटला असं लिहिलं हाय का?"

"नाई."

"मग तू वकील झाला राजा." आई गेल्यानंतर बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. येशूच्या कबरीपाशी देवदूत एक होता की दोन, हाही प्रश्न त्यांनी काढला आणि स्वतःच बाजूला सारला. "दोघं जण एकाच बाजारातून येतात अन् दोन भाव सांगतात. त्यानं बाजार खोटा नाई होत."

पण मेलेल्यांवर गाडी आली की ते सोडत नसत. एका पानावर लिहिलंय की मेलेल्याला काहीच कळत नाही. दुसरीकडे एक श्रीमंत माणूस आगीत तळमळतोय आणि मागं राहिलेल्या भावांची काळजी करतोय. येशूशेजारी वधस्तंभावर दिलेल्या चोराला आजच स्वर्ग मिळतो, बाकीचे शेवटच्या न्यायाच्या तुतारीपर्यंत झोपलेले.

"मले एकच सांग," बाबा म्हणाले. "तुह्या मायले आपली आठवण हाय का नाई?"

दादा म्हणाला, "ते श्रीमंताचं दृष्टान्त हाय, बाबा. गोष्ट."

"अन् ज्यायनं हे नावच ऐकलं नाई, त्यायचं काय?"

"त्यायचा न्याय देव करन." त्यानं कपातला गार चहा हलवला. "पण मायनं ऐकलं होतं. मीच सांगतलं होतं तिले, दवाखान्यात. ते हसली, माह्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणे, आता मले कुठं शिकवतं."

मी कपबशा तशाच ठेवल्या. दादाच्या मनात काय चाललंय ते तेव्हा मला कळलं. सांगितलंच नसतं, तर त्याच्या हिशेबानं आई सुटली असती.

त्यानं हॉलमध्ये विचारलं. तिथले पास्टर म्हणाले, देवावर सोपव. पण नागपूरहून आलेल्या एका प्रचारकानं सगळ्यांसमोर सांगितलं, ऐकून नाकारलं त्याला दुसरी वाट नाही. त्या रविवारी दादा आला तो जेवला नाही. पुढच्या रविवारीही नाही. डोळे खोल गेले. रात्र रात्र झोप लागत नाही म्हणाला. तो पुन्हा पिईल, या धास्तीनं बाबांचाही घास उतरेना.

तेव्हापासून बाबांचं वाचणं बदललं. चुका शोधणं त्यांनी सोडलं. ते आता फट शोधत होते, आई आत जाऊ शकेल एवढी. एका रविवारी दादा ओट्यावर टेकायच्या आत त्यांनी पुस्तक पुढं केलं.

"हे पाय. इथं येशूनं मेलेल्यायच्या आत्म्यायले जाऊन सांगतलं म्हणते. म्हणजे मेल्यावरबी सांगता येते."

"त्याचा अर्थ येगळा सांगतात, बाबा."

"सांगणारे चुकले असन! अन् हे, ज्यायले नियम माहीत नाई त्यायच्या काळजातच तो लिहिला हाय म्हणते. तुह्या मायच्या काळजात नव्हता लिहिला?"

"तुम्ही काऊन एवढं करून राह्यले? तुमचा तं यावर इश्वास नाई."

बाबांनी चष्मा काढला. "माहा इश्वास कशावर हाय मलेच नाई समजत. आपण म्हणतो जीव दुसरा जन्म घेते. अन् दरसाल पितरायले जेवाले बी बोलावतो. जन्मली असन तं जेवाले कोण येते? हे मी आजपर्यंत कोणाले विचारलं नाई. पण तू जेव. तेवढं कर."

दादा जेवला. रडत जेवला, मी पोळी वाढत होते.

बरा झाला असं म्हणता येणार नाही. त्यानं तो हॉल सोडला, पण येशूला सोडलं नाही. पुढं पुलगावला काम मिळालं, नाचणगावात खोली केली, तिथल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागला. काही महिने बरे जात, मग एखाद्या उपदेशानं पुन्हा तीच भीती उसळे आणि फोन येई, "बाबाले देजो जरा." बाबा दुकान टाकून फोनवर त्याला समजावत.

दोन हजार सालानंतर बाबांचं हृदय थकलं. दवाखान्यात दादा चार दिवस त्यांच्या उशाशी होता. येशूचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही. आईच्या वेळी जे झालं ते त्याला पुन्हा नको होतं. पण न सांगणं हीसुद्धा त्याच्या श्रद्धेत चूकच, आणि तीही तो गिळत होता. तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, "काऊन गप हाय? म्हण तुही प्रार्थना, मोठ्यानं म्हण." त्यानं म्हटली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते गेले. मानलं की नुसतं पोरासाठी ऐकलं, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

वर्षभरानं मी दादाच्या खोलीवर गेले होते. निघताना विचारलं, आई-बाबांसाठी प्रार्थना करतोस का.

"मेलेल्यायसाठी करत नसतात आमच्यात," तो म्हणाला. "चालत नाई."

मी चपला घालत होते.

"मी करतो," तो म्हणाला. "रोज करतो. अन् मग त्यासाठी देवाची माफी मागतो."