आमचं दहा ट्रॉल्यांचं स्टेडियम

आमच्या गावचं स्टेडियम एका रविवारी दुपारी पावणेचार वाजता निघून गेलं. पडलं नाही, जळलं नाही, कुणी पाडलंही नाही. चालू सामन्यातून निघून गेलं, आणि जाताना प्रेक्षकांनाही बरोबर घेऊन गेलं. मैदानावर उरले दोन्ही संघ, एक पंच, माझे वडील आणि हातात माईक धरून उभा असलेला मी. हे माझ्यामुळे झालं, हे आष्ट्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे आता लपवण्यात अर्थ नाही.

माझ्या वडिलांना सगळा गाव आप्पा म्हणतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन गोष्टी होत्या: जेवणाची भगुली आणि फुटबॉलचे बूट. पलटणीच्या संघात ते वीस वर्षं बचावफळीत खेळले. आणि आमचं गाव पडलं कुस्तीचं! इथं चेंडू म्हणजे पोराटोरांचा खेळ. तरी आप्पांनी चौदा जण गोळा केले, गायरानावर चुना मारला आणि ‘म्हसोबा फुटबॉल क्लब’ काढला. पहिल्या सामन्याला अकरा प्रेक्षक होते. (त्यातले चौघे म्हशी वळायला आले होते. म्हशी मोजल्या तर आकडा एकोणीसवर जात होता, आणि आप्पांनी तो तसाच सांगितलाही.)

पण आप्पांची स्वप्नं अकराची नव्हती. टीव्हीवर परदेशातला सामना लागला की खेळ सोडून ते गॅलरीकडेच बघत बसायचे.

“सुध्या, साठ हजार माणूस बसलंय बघ! आपल्या गायरानावर आरामात बसंल.”

“आवं आप्पा, आपल्या गावाची वस्ती तीन हजार हाय.”

“मग? पाव्हणं येणार न्हाईत व्हय?”

सत्तावन्न हजार पाहुणे! त्यांच्या चहाचं आधण कुठल्या भांड्यात ठेवायचं, एवढं एकच मी विचारलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

या सगळ्यावर आम्ही हसत होतो, पण मागच्या वर्षी हसू थांबलं. ग्रामपंचायतीनं गायरानावर दुकानगाळे बांधायचं काढलं. आप्पा सभेत उभे राहिले आणि अर्धा तास बोलले. शेवटी ठरलं असं, की जिल्ह्याहून क्रीडा खात्याचे साहेब येतील, सामना पाहतील, आणि “या मैदानावर दोनशे प्रेक्षक बसून सामना पाहतात” असं त्यांनी लिहून दिलं, तर गायरान क्लबला. नाही दिलं, तर गाळे. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. सकाळी पाहिलं तर गायरानावर एकटेच उभे राहून चुन्याची रेघ पुन्हा मारत होते. मला एकदम भरून आलं, आणि भरून आल्यावर माझ्या डोक्यात ज्या कल्पना येतात त्या आजवर कधीच धड निघालेल्या नाहीत.

“आप्पा, ‘बसून’ म्हणालेत न्हवं? मग बसायची सोय मी करतो.”

मी सांगलीला शाळेत मास्तर आहे. शनिवार-रविवार गावी येतो आणि कुणी न विचारता सल्ले देतो. आप्पांचे चुलतभाऊ तात्या यांच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि मागे जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या. भावकीतल्या आणखी चार घरांत तेच. म्हणजे पाच ट्रॅक्टर, दहा ट्रॉल्या. मैदानाच्या कडेनं दहाही उभ्या करायच्या, आत सतरंज्या टाकायच्या, कडेच्या फळ्या, म्हणजे फाळके, लावून घ्यायचे म्हणजे कुणी पडायलाही नको. एका ट्रॉलीत वीस माणसं. वीस दाहे दोनशे!

तात्या म्हणाले, “ट्रॉल्या देतो रं, पर हंगाम सुरू झालाय. उसाची तोड, म्हंजी कारखान्याची टोळी, कवा यील सांगता येत न्हाई. टोळीच्या मुकादमाचा फोन आला की मी थांबायचो न्हाई. आधीच सांगतो.”

“तात्या, रविवारी तोड येत नाही,” मी म्हणालो. (हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! शाळेला रविवारी सुट्टी असते, एवढ्या पुराव्यावर मी अख्ख्या साखर धंद्याला सुट्टी देऊन टाकली.)

ट्रॉल्या मिळाल्या, पण त्यात बसणार कोण? हा प्रश्न माझ्या बायकोनं, शुभांगीनं सोडवला.

“कुस्तीच्या मैदानात बायकांना कवा कुणी बोलवतं का? न्हाई. मग फुटबॉलला आमी येतो की! बचत गटाच्या समद्या येतील. फकस्त सावली करा.”

आणि आल्या! रविवारी तीन वाजता दहाच्या दहा ट्रॉल्या भरल्या. वर साड्यांचे मांडव, खाली सतरंज्या, मांडीवर शेंगांचे डबे. बायका आल्या म्हणून पुरुष आले आणि ती शोभा बघायला आष्ट्याहूनही काही माणसं आली. क्रीडा खात्याचे साहेब आले, तेव्हा त्यांच्यासाठी तात्यांच्या पहिल्या ट्रॉलीत आमच्या घरचा सोफा चढवला होता. साहेब वर चढले, त्यांना फेटा बांधला, नारळ दिला, मागं फाळका लावला. साहेबांनी वही काढली. आप्पा गळ्यात शिट्टी अडकवून पांढऱ्या रेघेवर उभे होते. डोळ्यांत पाणी होतं आणि ते ऊन लागतंय असं सांगत होते.

समोर कवठे महांकाळचा संघ होता. खेळ रंगला, आणि खेळापेक्षा गॅलरी रंगली.

“अगं मार की त्याला!”

“कुणाला, चेंडूला का माणसाला?”

“जे जवळ असंल त्याला मार!”

मी माईकवर होतो. गावच्या रिवाजाप्रमाणे माईक म्हणजे अख्ख्या गावाचा निरोप्या. कुणाची चप्पल हरवली, कुणाची म्हैस सुटली, कुणाचा पाहुणा वाट बघतोय, हे सगळं मी सामन्याच्या वर्णनात मिसळून सांगत होतो आणि मनातून फार खूश होतो. माझ्या टेबलावर तात्यांचा फोन चार्जिंगला लावला होता. तो वाजला. मी उचलला.

“तात्या, तोड आली! टोळी फडात उतरलीया. गाड्या लावा लगीच, न्हाईतर पुढची पाळी महिन्यानं!”

शहाण्या माणसानं काय केलं असतं? फोन खाली ठेवला असता, चालत तात्यांपर्यंत गेला असता, कानात सांगितलं असतं. मी काय केलं? जो आवाज मी गोलसाठी राखून ठेवला होता, त्या आवाजात, चार भोंग्यांवरून ओरडलो, “तात्याऽऽ, तोड आलीऽऽ!”

ज्यांना उसाचा प्रदेश माहीत नाही त्यांना सांगतो: आमच्याकडे लग्नात अक्षता हातात असताना तोड आली तरी नवरदेवाचा बाप आधी फडात जातो. पाळी चुकली की ऊस वाळतो, आणि वर्षाचा घाम त्याच्याबरोबर वाळतो. त्यात आमच्या भावकीचा ऊस एकाच शिवारात, लागणही एकाच वेळची. त्यामुळे तोड एकट्या तात्यांची नव्हती, पाचही घरांची होती! मी वाक्य संपवायच्या आत पाच ट्रॅक्टर फडफडले.

“तात्या, थांबा! आत माणसं हायत!” मी ओरडलो.

पण पाच इंजिनांपुढे चार भोंगे काय करणार? उत्तरेची बाजू हलली, मागोमाग दक्षिणेची. साड्यांचे मांडव फडफडत, माणसं फाळक्यांना धरून, ओळीनं दहा ट्रॉल्या गायरानाबाहेर पडल्या. कुणी उतरलं का? नाही! आमच्याकडे ट्रॉली हलली की माणूस आधी घट्ट बसतो आणि कुठं चाललोय ते नंतर विचारतो. काही बायकांनी तर मैदानाकडे बघून हातही हलवले. सगळ्यात पुढं, सोफ्यावर फेट्यासकट साहेब! त्यांना वाटलं, मिरवणूक आहे. ते दोन्ही बाजूंना नमस्कार करत चालले होते.

तेवढ्यात पेनल्टी मारायला उभ्या असलेल्या कवठे महांकाळच्या गड्यानं घाबरून चेंडू जोरात मारला, तो शेवटच्या ट्रॉलीत जाऊन पडला. म्हणजे आता चेंडूही गेला.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. फौजेतल्या शिव्या मी लहानपणापासून ऐकत आलोय, आताही त्यांचीच वाट बघत होतो. पण आप्पांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली आणि हळू म्हणाले, “साहेबांची मोजणी झाली न्हवती, सुध्या.”

मी मोटारसायकल काढली, आप्पांना मागं बसवलं. आमच्या मागून दोन्ही संघ धावत निघाले. कवठे महांकाळचा कप्तान ओरडत होता, “आवं, आमची पेनल्टी राहिलीया!”

स्टेडियम आम्हाला दीड मैलावर, खाजगी वजनकाट्यावर सापडलं. कारखान्याच्या काट्यावर आमच्या लोकांचा भरवसा नाही, म्हणून गाडी फडात जायच्या आधी रिकामी असताना तिचं वजन बाहेर करून ठेवायची पद्धत. तात्या खाली उतरून काटेवाल्याशी भांडत होते.

“रिकामी हाय म्हणतो न्हवं! चिठ्ठी फाड!”

“तात्या, ह्याला रिकामी म्हणत्यात? आत माणसं हायत, सोफा हाय!”

तात्यांनी मागं वळून पाहिलं. साहेबांनी त्यांना नमस्कार केला. तात्या तसेच काट्याच्या कडेला खाली बसले.

साहेब चिडले असतील असं वाटलं होतं, पण बायकांनी त्यांना वाटेत भाकरी, ठेचा आणि मूठमूठ शेंगा खाऊ घातल्या होत्या. ते मजेत होते. फक्त एक अडचण होती. “मी साठपर्यंत मोजलं आणि मैदान निघालं,” ते म्हणाले. “हलत्या गाडीत पुढं मोजता येईना. मोजल्याशिवाय मी दोनशे कसं लिहू? खोटं लिहिणार नाही.”

आप्पा म्हणाले, “बरोबर हाय साहेब. खोटं लिवू नका.” आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकले. त्यांच्याकडे बघवेना. माणसं आता ट्रॉल्यांतून उतरायला लागली होती. कुणाला धार काढायची होती, कुणाला फडात जायचं होतं. एकदा पांगली की पुन्हा कशाची मोजणी!

आणि तेवढ्यात दुसऱ्या ट्रॉलीतून शुभांगीचा आवाज आला. “कुणी उतरायचं न्हाई! चढा परत! आवं साहेब, मानसं मोजायची कशाला? ती काय एका जागी ऱ्हात्यात व्हय? काटा हाय की!”

मग काटेवाला म्हणाला, “वैनी म्हणत्यात ते जमतंय. भरून वजन घिऊ, उतरवून वजन घिऊ. मधलं समदं प्रेक्षक!”

साहेबांनी फेटा मागं सरकवला आणि थोडा विचार केला. “माणशी साठ किलो धरू,” ते म्हणाले. “दोनशे माणसं म्हणजे बारा टन. सोफा आणि मी सोडून.”

यावर बायकांनी गलका केला. साठ कुणाचं? आम्ही पंचावन्नच्या वर नाही! शेवटी सरासरी म्हणजे काय ते मला माईकशिवाय समजावून सांगावं लागलं. मग पाचही गाड्या भरून काट्यावर आल्या, माणसं उतरली, गाड्या रिकाम्या काट्यावर आल्या. दोन्ही संघ कडेला उभे राहून आकडे ओरडत होते. एवढ्या टाळ्या आमच्या क्लबच्या गोलला कधी पडल्या नव्हत्या! आप्पा दगडावरून उठून काट्याच्या खिडकीशी आले होते.

काटेवाल्यानं बेरीज केली. “अकरा टन आठशे ऐंशी.”

“म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव,” साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. “दोन माणसं कमी पडली हो, आप्पा.”

आप्पांनी खाडकन मान वर केली. “एकशे अठ्ठ्याण्णव?” असं म्हणून ते हसायलाच लागले. “सुध्या, ऐकलंस का रं? अकरावरनं एकशे अठ्ठ्याण्णव!” गायरान जात होतं, आणि हा माणूस हसत होता. मला त्या क्षणी माझ्या जिभेचा, त्या माईकचा आणि स्वतःचा भयंकर राग आला.

शुभांगीला मात्र राग वगैरे काही आला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, बाजारात भोपळा बघावा तशी.

“साहेब,” ती म्हणाली, “आमच्या ह्यांनीबी सामना बघितलाय. खुर्चीवर बसून. ह्यांचं वजन कुठं झालंय?”

“आवं पर मी तर माईकवर...” मी म्हणालो.

“तुमी आता गप ऱ्हावा. आज लय बोललाय. चढा!”

दोन्ही संघ, दहा ट्रॉल्यांची माणसं, क्रीडा खातं आणि माझे वडील यांच्यासमोर मी उसाच्या वजनकाट्यावर एकटा उभा राहिलो. काटेवाल्यानं आकडा पाहिला, डोळे पुसले, पुन्हा पाहिला.

“एकशे वीस!” तो ओरडला. “किलोला किलो!”

साहेबांनी तिथंच, सोफ्याच्या हातावर वही ठेवून, दोनशे लिहिलं आणि सही केली. गायरान क्लबचं झालं. आप्पांनी मला मिठी मारली (दोन्ही हात मागं पोचले नाहीत, पण प्रयत्न केला). म्हणाले, “आयुष्यभर तुझ्या खाण्याला नावं ठेवली रं, चुकलंच माझं.”

आता गायरानावर दर रविवारी सामना असतो, आणि माझ्यासाठी आप्पा स्वतः दोन खुर्च्या जोडून मांडतात. गावाला वाटतं, तो माझा मान आहे. पहिल्या रविवारी एकच मांडली होती. तिचं काय झालं, ते आम्ही घरातल्या घरात ठेवलंय.