तिगावच्या काकाजींच्या दोन गोळ्या

पांढुर्ण्यात औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्टसाहेबांच्या हाताखाली काम करते. परवा तिगावचे एक काकाजी साखरेच्या आजाराची गोळी घ्यायला आले. मी त्यांना नेहमीच्या कंपनीऐवजी तीच गोळी जेनेरिकमधली, स्वस्त दिली आणि वर भाषणही दिलं. औषध एकच असतं, कंपनी नुसत्या नावाचे पैसे घेते, आपण का लुटून घ्यायचं? मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. समोर कोणी ऐकणारं असलं की मला थांबता येत नाही. काकाजी मान डोलवत होते.

काल सकाळी एका बाईंना तशीच गोळी दिली, तर त्यांनी विचारलं, "ताई, ही अन् घरची जुनी, दोन्ही घ्यायच्या न?"

"नाही हो. औषध एकच आहे, एकच घ्यायची."

बोलता बोलता मला परवाचं आठवलं. काकाजींना हे एक वाक्य मी सांगितलंच नव्हतं. गोळी दुप्पट झाली तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो.

बिलावर नाव होतं, गाव होतं, फोन नव्हता. तिगावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंचा नंबर साहेबांकडे निघाला. त्या लगेच काकाजींच्या घराकडे निघाल्या. इकडे मी प्रत्येक स्ट्रिपवरचं नाव तीन-तीनदा वाचत होते.

"गोळ्या देऊन राहिल्या का पूजा करून राहिल्या?" रांगेतून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

फोन वाजला. "घाम सुटून राहिला, हात थरथर कापून राहिले," आशाताई म्हणाल्या. "दोन्ही गोळ्या घेतल्या अन् जेवले नाही. शुद्धीत आहेत. साखरपाणी पाजलं."

साहेबांनी त्यांना ताबडतोब दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"पोरी," काकाजींचा आवाज बारीक झाला होता, "तू एवढी तारीफ केली नव्या गोळीची. मले वाटलं, दोन्ही घेतल्या त लवकर फरक पडंल."

"चूक माझी आहे, काकाजी."

"मंग आता कोणती फेकू?"

कंपन्यांबद्दलचं सगळं पुन्हा जिभेवर आलं. ते मी गिळलं.

"फेकू नका. आता कोणतीच घेऊ नका. दोन्ही खिशात टाका अन् डॉक्टरला दाखवा."

मग तेच त्यांच्याकडून एकदा म्हणवून घेतलं.