दगड खलास केल्याचा जबाब

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचीच चीड येते.

मुंबई पोलिसांतून निवृत्त झालो आणि महिनाभरातच अबू धाबीतल्या मुसफ्फा भागात एका शेल तेल कंपनीचा सुरक्षा अधिकारी झालो. ही कंपनी शेल नावाच्या खडकातून तेल काढते. सुरुवातीला तिला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. मग पहिल्या विहिरीतून एक लांबट काळा दगड निघाला, त्यात तेल सापडलं आणि कंपनी उभी राहिली. आता कंपनीच्या इतिहासाचं दालन तयार होत होतं आणि तो दगड तिथे मधोमध ठेवायचा होता. उद्घाटन आठवड्यावर आलं असताना दगडाची पेटी रिकामी निघाली.

दालनाचं काम पाहणारा तरुण पुण्याहून नुकताच आला होता. त्याने मला ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेसेज दाखवला. लॅब टेक्निशियनने लिहिलं होतं, ‘पहला वाला पत्थर खलास.’ आमच्या खात्यात खलास या शब्दाचा एकच अर्थ. मला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही.

टेक्निशियन वसईचा, चौदा वर्षं मुसफ्फात काढलेला. मी दार लावलं, समोर पाण्याचा ग्लास ठेवला. गुन्हेगार आधी पाणी पितो, असा माझा अनुभव. हाही प्यायला.

“दगड तुम्ही खलास केला?”

“हो साहेब, मीच केला.”

“कोणाला विचारून?”

“मॅनेजरनी तोंडी सांगितलेलं. ते लीव्हवर आहेत. रिटन काय नाय माझ्याकडे. साहेब, त्यावरून जॉब जाणार नाय ना? पोरगी टेन्थला आहे. व्हिसा गेला तर तिला मधेच उचलून न्यावी लागेल.”

मला वाईट वाटलं, पण कबुली ती कबुली. जबाब लिहून घेतला, सही घेतली. त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं, असं पत्र व्यवस्थापनासाठी तयार केलं आणि मुख्य कार्यालयात जायला खाली उतरलो. कंपनीचा ड्रायव्हर उभाच होता.

“सर, गाडी खलास. यल्ला, चलो.”

“क्या हुआ गाडी को?”

“कुछ नहीं सर. वर्कशॉप का काम खलास. गाडी रेडी.”

मी तिथूनच मागे फिरलो आणि लॅब गाठली. “दगड आता कुठे आहे?” पहिला विचारायचा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला.

“स्टोअरमध्ये, साहेब. दालनासाठी कापून पॉलिश केला, नव्या पेटीत घातला. दाखवू?”

दगड चकचकीत होता. मी माफी मागितली, पत्र फाडलं आणि जबाब त्याच्या हातात दिला. त्याने तो शांतपणे वाचला.

“यात खोटं काय नाय, साहेब,” तो म्हणाला. “मी हेच बोललेलो.”

लोकांना खरं बोलायला लावण्यात माझी सगळी नोकरी गेली. हा माणूस पहिल्याच प्रश्नाला खरं बोलला होता, आणि मी त्याच्या मुलीची शाळा बंद करायला निघालो होतो.