सलीमला न सांगितलेला ब्रेक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सलीमला ओळखत नाही — त्याच्यापर्यंत हे पोचणार नाही. बघा, सुरुवातीलाच भित्रेपणा.

तरुणपणी मी हैदराबादबाहेर एका मोटार कंपनीच्या चाचणी केंद्रात होतो. कंपनी तेव्हा प्रयोग म्हणून एक स्पोर्ट्स कार बनवत होती. दोन सीटची, बुटकी, लाल. एकच नमुना. दाराला आतून हँडल नव्हतं, दोरी ओढावी लागायची; फायबरच्या वासाने डोकं धरायचं. मी तिच्यापायी वेडा झालो होतो. माझं काम टेबलावरचं, पण सलीम — तिचा चाचणी ड्रायव्हर, माझा दोस्त — मला अधूनमधून ट्रॅकवर एक फेरी मारू द्यायचा. त्याची अट एकच. गाडी परत देताना जे खटकलं असेल ते सांगायचं, कितीही बारीक असो.

त्या दिवशी दुपारी मोठे साहेब गाडी बघायला येणार होते. प्रकल्प गुंडाळायची कुजबुज होतीच. सकाळी मी फेरी मारली, आणि शेवटच्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं — लागला. नंतर सगळं ठीक. भास असेल? मग हात घामाने का भिजले होते? पण सांगितलं असतं तर गाडी उभी राहिली असती, साहेब तसेच परत गेले असते, आणि ती — संपलीच असती.

सलीमने विचारलं, "कैसी है भाई?"

"मस्त," मी म्हणालो.

दुपारी त्याच वळणावर तो भिंतीवर आदळला. गाडीचा चुराडा झाला. त्यातून ब्रेकचं काय कळणार? सलीम वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. त्या क्षणाचं त्याला काही आठवत नाही. वळण वेगात घेतलं, असं चौकशीत ठरलं आणि ते त्यालाही पटलं. आजही म्हणतो, "गलती मेरीच थी."

त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. अफझलगंजला सीट कव्हरचं दुकान टाकलं. त्याचा फोन आला की अजूनही पहिला विचार तोच — आठवलं की काय?

गेल्या महिन्यात असाच फोन आला. म्हणाला, "नाझिया को गाडी तुम सिखाओ भाई. मेरा भरोसा नक्को." आपल्या मुलीसाठी तो मला विचारत होता. नाही कसं म्हणणार?

रविवारी तिला दिलसुखनगरच्या मैदानावर नेलं. सलीम कडेला उभा राहून बघत होता. तिने गाडी थांबवली, उतरली आणि किल्ली माझ्या हातात देत लगेच म्हणाली, "अंकल, ब्रेक जरा नीचे जारा. दिखा लेओ."

सलीमने तिच्या पाठीवर थाप मारली. "हौ बेटा. ऐसाच बोलना."

मग त्याने हसून माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली खिशात टाकली.