नलूला कोणी हरवलं नाही

नलू गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. तिच्या घरून निरोप निघाला होता, पण तो अमरावतीला माझ्यापर्यंत पोचायच्या आधी अंक दारात पडला. आतल्या पानावर चार ओळी होत्या. अकोल्याच्या शिक्षिका, बैठ्या खेळांच्या मेळाव्याच्या आधारस्तंभ, बुद्धिबळातल्या सलग तीन वर्षांच्या अजिंक्य खेळाडू... ‘अजिंक्य’ या शब्दापाशी मी अडले. बातमी खोटी नव्हती. मेळाव्यात नलूला कधी कोणी हरवलं नाही, हे खरंच आहे. पण तसं छापून आलेलं वाचून तिला काय वाटलं असतं ते मला ठाऊक आहे. महिना उलटून गेला तरी माझा राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमची ओळख अमरावतीच्या वसतिगृहातली. ती गणिताची, मी मराठीची. माझी खोली पुस्तकांनी भरलेली आणि तिच्या खाटेखाली एक घडीचा पट. तिचे वडील अकोल्याला वकील होते. कोर्टातून आल्यावर चहा व्हायच्या आत ते पट मांडायला सांगत आणि नलूला समोर बसवत. ती लहान होती, रडायची, तरी त्यांनी तिला एकदाही मुद्दाम जिंकू दिलं नाही. ती पहिल्यांदा जिंकली तेव्हा ते नुसते उठले आणि बाहेर जाऊन शेजाऱ्यांना सांगून आले. “वडील माझ्याशी खेळत होते, मला खेळवत नव्हते,” असं ती म्हणायची. ते गेल्यानंतर तसा गडी तिला मिळाला नाही. मी खूप प्रयत्न केला, पण मला दोन चालींच्या पुढचं दिसत नाही. माझ्याशी खेळणं म्हणजे तिला शिकवणी घेतल्यासारखंच होतं.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेला त्या सुमारास मेळावा सुरू झाला. कल्पना नलूची, अध्यक्ष तिचे थोरले भाऊ दादासाहेब. तेही वकील. मे महिन्यात कोर्ट बंद, शाळा बंद, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही अशा उन्हात माणसं घरोघर पत्ते कुटत पडलेली असतात, त्यांना एका जागी आणावं, एवढंच तिचं म्हणणं. एक वर्ष अकोला, एक वर्ष अमरावती. शाळेच्या हॉलला वाळ्याच्या ताट्या लावायच्या, त्यांवर पाणी मारत राहायचं, कोपऱ्यात माठ आणि पन्हं. कॅरम, सोंगट्या, पत्त्यांतले बेझिक आणि ब्रिज, बुद्धिबळ. पैसे लावून खेळायचं नाही, ही पहिली अट. दुसरी अट अशी की जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतील आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्यासमोर बसावं लागेल, मग तो सावकार असो की मोटारस्टँडवरचा हमाल.

दारातच एक फळा असायचा. त्यावर नलू खेळ आणि त्यांच्या वेळा लिहायची, खाली जागा मोकळी सोडायची, आणि येणाऱ्याने तिथे आपलं नाव घालायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण एकाच माणसाने कॅरम आणि ब्रिज दोन्हीकडे नाव दिलेलं असे, परतवाड्याहून येणाऱ्यांना संध्याकाळच्या मोटारीने परत जायचं असे, आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नसत, तरी दोघांना ब्रिजच हवं असे. ती हातात खडू घेऊन उभी राही, पुसे, पुन्हा लिही. कोणी एकटा, ओळखीपाळखीशिवाय आलेला दिसला की त्याला बाकावर ताटकळू देत नसे. कुठल्या टेबलावर चौथा गडी कमी आहे ते तिला न पाहता माहीत असायचं. माणूस येऊन न खेळता गेला, तर तिला तो स्वतःचा अपमान वाटे.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तिने बुद्धिबळाच्या खाली स्वतःचं नाव घातलं. मी शेजारीच होते. खडू जरा जोरात दाबल्यामुळे तिचं नाव इतरांपेक्षा ठळक उमटलं होतं. चिठ्ठी निघाली ती वलगावच्या एका पाटलांची. पिकल्या मिशांचे, जमीनदार, खेळात तरबेज. ते येऊन बसले, समोर नलूला पाहिलं, आणि उठून त्यांनी हात जोडले. “नाही जी ताई. तुमच्यासंगं काय खेळाचं? तुमी जिंकल्या.” हॉलमध्ये टाळ्या पडल्या. केवढं मोठं मन, असं माझ्या मागे कोणीतरी म्हणालंही. नलूला पुढे चाल मिळाली.

पुढच्या फेरीत पोस्टातला एक तरुण कारकून होता. तो बसलाच नाही. त्याच्या मित्रांनी त्याला आधीच घेरून चिडवून ठेवलं होतं. तो निदान खरं बोलला. म्हणाला, “जिंकलो तं म्हनतीन, बाईले हरवलं. हरलो तं म्हनतीन, बाईनं हरवलं. मले गावात राहाचं हाय ताई.” अंतिम सामन्यात एक डॉक्टर होते, शिकलेले, मुंबईला राहून आलेले. त्यांना ऐन वेळी रोगी आला. संध्याकाळी दादासाहेबांनी आपल्या हाताने बहिणीला ढाल दिली. तीन दिवसांत तिने एक प्यादंही हलवलं नव्हतं.

तिने कार्यकारिणीत विषय काढला. कारणाशिवाय जो टेबल सोडेल त्याला पुढल्या वर्षी कुठल्याच खेळात घेऊ नये. सगळे हसले. दादासाहेब म्हणाले, लोक तुझा मान राखून राहिले आणि तू त्यांनाच शिक्षा करायला निघालीस? त्याऐवजी महिलांसाठी वेगळा विभाग करावा असं ठरलं. सोंगट्या आणि कॅरम, दुपारी, स्वयंपाक आटोपल्यावर. तोही तिने नीट चालवला. मीही त्यात खेळले, आणि मजा आली हे नाकारत नाही. पण नलू खेळली नाही. बुद्धिबळाची दुसरी ढालही तिला अशीच घरपोच आली.

ती खेळायला उतरली त्याच्या तिसऱ्या वर्षी मेळावा अकोल्याला होता. अंतिम सामन्याला परतवाड्याच्या एका लाकूडवखारीतला मुनीम आला, नवाच माणूस. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तो नलूसमोर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, “रामराम ताई” म्हणाला आणि प्यादं पुढे सरकवलं. नलूनेही प्यादं उचललं. मी तिला वसतिगृहापासून पाहत होते, पण असा चेहरा पाहिला नव्हता. ती मधूनच पाठ ताठ करायची, ओठ चावायची, एकदा तर स्वतःशीच हसली. हळूहळू लोक जमले. खेळातलं मला फारसं कळत नाही, पण माझ्या बाजूचे एक मास्तर पुटपुटले की ताईचा राजा अडकून राहिला. तिचा घोडा गेला, मग हत्ती गेला. आणि ती खूश होती... हे मी कोणाला पटवून देऊ शकत नाही, पण ती खूश होती.

मध्ये पन्ह्यासाठी खेळ थांबला. दादासाहेबांनी मुनिमाच्या खांद्यावर हात टाकून त्याला ताटीपर्यंत नेलं, दोन शब्द बोलले, हसले, परत आणून बसवलं. पुढच्याच चालीला त्या माणसाने आपला वजीर तिच्या उंटाच्या माऱ्यात नेऊन ठेवला.

नलूने पटावरचा हात मागे घेतला. मग म्हणाली, “वजीर मागं घ्या. मी नाही मारत.”

“झाली ती चाल झाली, ताई.”

“मागं घ्या म्हणते ना.”

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. “मले मोटार धराची हाय,” असं म्हणत त्याने हार मानून आपला राजा आडवा केला आणि टोपी घातली. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त वाजल्या.

त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. ताटं वाढली होती. नलूने विचारलं, “दादा, तुम्ही त्याले काय सांगितलं?” दादासाहेब वरणात तूप घेत होते. काही विशेष नाही, ताईचं इथं नाव आहे, जरा सांभाळून घ्या, एवढंच म्हटलं, असं ते सहज बोलले. मग म्हणाले, “अगं, तू हरत होतीस.”

“हो,” नलू म्हणाली. “मी हरत होते.”

त्यांना त्यातलं काही कळलं नाही. ते वाईट गृहस्थ नाहीत, आणि त्यामुळेच हे लिहिणं जड जातं. त्यांनी तिला शिकवलं, नोकरी करू दिली, लग्नासाठी बळजबरी केली नाही. फक्त तिची हार तेवढी तिच्याकडून काढून घेतली, तीही प्रेमाने. त्यानंतर नलूने आपलं नाव फळ्यावर घातलं नाही. आणखी काही वर्षं ती इतरांच्या जोड्या लावत राहिली. पुढे पोटाचं दुखणं सुरू झालं, तेव्हा खडू दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला.

शोकसभेसाठी मी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेले. सभा त्याच हॉलमध्ये होती. पाटील आता थकले आहेत, पण आले होते. म्हणाले, मी स्वतः ताईंपुढे हार मानली आहे. डॉक्टरही तसंच बोलले. यापुढे महिलांच्या कॅरमसाठी नलूच्या नावाने ढाल देण्याचं जाहीर झालं. मी बोलणाऱ्यांतली नाही. बोलले असते तरी काय बोलले असते? माणसं मनापासून रडत होती.

सभेनंतर वहिनींनी, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नीने, मला मागल्या खोलीत नेलं. नलू शेवटची दोन वर्षं तिथेच होती. औषधांच्या बाटल्या काढल्या होत्या, गादी गुंडाळली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर पट तेवढा मांडलेला, दोन्ही बाजूंचे मोहरे आपापल्या घरांत, एकही हललेला नाही. ती इथे कोणाशी खेळायची, हे मी विचारलं. वहिनी म्हणाल्या की नलूताईंनीच आपल्याला शिकवलं होतं, दुपारी भांडी झाली की दोघी बसायच्या. यांना ठाऊक नाही, ठाऊक होण्यासारखं त्यात होतं काय...

“मले बरं यायला लागलं होतं हो,” वहिनी जराशा लाजून म्हणाल्या. “मागल्या वर्षापासून तर दोन-चारदा मात समोर दिसे. पण आजारी माणूस. मी आपली दुसरीकडेच चाल करत असे. शेवटपर्यंत ताईंना एकदाही हरू दिलं नाही मी.”

नलूच्या ते लक्षात येत नसे का, असं मी विचारलं.

वहिनी पदराने स्टुलाची कड पुसत होत्या. मोहऱ्यांना धक्का लागणार नाही इतक्या जपून.

“येतच असेल,” त्या म्हणाल्या. “पण बोलत काही नसत. माझ्याकडे पाहत, आणि डाव पुन्हा मांडत.”